चंद्राबाईचा पूल

"आधी नाव, मग पूल," असं म्हणून नगराध्यक्ष खिलारींनी कपातला चहा बशीत ओतला आणि बशी तोंडाला लावली. म्हणजे त्यांच्यापुरता विषय संपला.

"आम्ही तरी दुसरं काय म्हणतोय?" समोरून प्रतापराव ढमढेरे बोलले. "आधी नाव. फक्त तुमच्या वडलांचं नाही, आमच्या चुलत्यांचं."

वडकुंभ नगरपरिषदेची जनरल मीटिंग होती ती. मार्चचं ऊन असं की वरच्या पत्र्यावरून पाल गेली तर पलीकडे पोचेपर्यंत तिचा पापड व्हायचा. डोक्यावर एक पंखा होता. तो इतका सावकाश फिरायचा की कोळ्यानं त्याच्या पात्यांत जाळं विणून संसार थाटला होता, आणि त्याच्या नातवंडांनाही कधी घेरी आली नाही. मी डोळ्यांनी पाहिलंय.

कुलथे साहेब आमचे मुख्याधिकारी. वयानं लहान, नुकतेच बदलून आलेले. ते रुमालानं मान पुसत म्हणाले, "अहो, नाव मागनं ठेवता येईल. आज नुसती पुलाच्या कामाला मंजुरी द्या. ठराव झाला नाही तर मार्चअखेर निधी परत जाईल. पुढच्या वर्षी पुन्हा मिळेलच असं नाही."

"साहेब, तुम्ही बदली होऊन जाल, आम्हाला इथंच मरायचंय," ढमढेरे म्हणाले. "मागं व्यायामशाळेला आम्ही हात वर केले. इमारत उभी राहिली आणि बघतो तर पाटी ह्यांच्या आजोबांची."

"आजोबा पैलवान होते," खिलारी म्हणाले.

"पैलवान? जन्मात त्यांनी लंगोट पाहिला तो शेजाऱ्याच्या दोरीवर वाळताना."

अर्धी माणसं हसली. अर्धी हसली नाहीत, कारण अर्धी माणसं खिलारींची होती. मध्ये आम्ही दोघंच उरायचो. एक मारुतीअण्णा गवारे, सगळ्यांत म्हातारे. हातात काठी, डोक्याला मुंडासं, आणि काहीही मांडलं की एकच प्रश्न, "पुरावा काय?" लोक म्हणायचे, अण्णांनी आपल्या लग्नात अंतरपाट दूर झाल्यावर भटजीला विचारलं होतं, नवरी हीच कशावरून?

आणि दुसरी मी, हौसाबाई वाळुंज.

मी तिथं कशी गेले ते सांगते. आमच्या मालकांनी नगरसेवक व्हायची तयारी केली होती. नवा नेहरू शर्ट शिवला होता. मिशा कोरल्या होत्या. सोडतीत आमच्या वॉर्डात बाईची जागा निघाली. त्यांनी शर्ट घडी करून ट्रंकेत ठेवला आणि मला म्हणाले, "तू नुसती जात जा. बोलायचं नाही. सही कुठं करायची विचार अन् करून ये." आता मला बोलायचं नाही म्हणणं म्हणजे कोंबड्याला सांगणं की उजाडलं तरी गप बैस. तरी तीन मीटिंगा मी गप बसले. जीभ दाताखाली धरून धरून तिला घट्टे पडले.

आमची वस्ती ओढ्याच्या पलीकडं. सगळे तिला पैलाड म्हणायचे. शाळा, दवाखाना, बाजार, सगळं ऐलाडला. उन्हाळ्यात ओढ्यात शेरडं झोपायची. पावसाळ्यात मात्र तो असा यायचा की आमच्याकडच्या माणसानं ऐलाडला शिंक दिली तर ती दोन दिवसांनी घरी पोचायची. पैलाडच्या पोरांना कुणी मुली देत नसे. मुलीचा बाप ऐलाडच्या काठावरून मुलगा बघायचा आणि तिथूनच हात हलवून परत फिरायचा.

पण ते सगळं एकवेळ चाललं असतं. माझं दुखणं वेगळं होतं. आदल्या श्रावणात माझी कुसुम शाळेतून येताना ओढ्यात घसरली. आठवीत होती. बाभळीच्या फांदीला धरून लटकली, आणि मालकांनी वेणीला धरून तिला बाहेर ओढली. त्या रात्री जेवताना ते म्हणाले, "पुढच्या पावसाळ्याआधी पूल झाला तर शाळा. नाही तर पोरगी घरी. मला शिकलेली पोरगी पाहिजे, पण असलेली पाहिजे."

वाईट ह्याचं की त्यांचं चुकत नव्हतं. भांडायचं कुणाशी?

कुसुम रडली नाही, रुसली नाही. दर मीटिंगच्या दिवशी मी निघाले की दारात उभी राहून एवढंच विचारायची, "आई, आज होईल?" त्या दिवशीही विचारलं होतं.

आणि इथं हे दोघे मेलेल्या माणसांची कुस्ती लावून बसलेले.

"तुमच्या वडलांनी ओढ्याला दिलं काय?" ढमढेरे विचारत होते. "गोठ्यातलं शेण?"

"आणि तुमच्या चुलत्यांनी? ते तर ओढ्याकडं फक्त सकाळी जायचे, डबा घेऊन."

"विषय तहकूब करा," मागून कुणीतरी म्हणालं.

"तहकूब," नगराध्यक्ष म्हणाले. शिपाई कप गोळा करायला लागला. कुलथे साहेबांनी डोळे मिटून घेतले. लोक चपला चाचपायला लागले आणि मी उभी राहिले.

"अध्यक्ष, मला एक नाव सुचतंय."

भिंतीतलं कपाट बोलल्यासारखे सगळे माझ्याकडं बघायला लागले.

"बोला की वहिनी," खिलारी हसून म्हणाले. "फक्त आमच्या वाळुंजांचं नका सुचवू. ते अजून चालतेबोलते आहेत. पाटीला माणूस गेलेला लागतो."

"गेलेलीच आहे. चंद्राबाई."

"कोण चंद्राबाई?"

आता पुढं काय बोलायचं ते मला तरी कुठं माहीत होतं? नाव आपलं तोंडातून निसटलं होतं. पण माझ्या जिभेचं एक बरं आहे, ती माझी वाट बघत नाही.

"तुम्हाला चंद्राबाई माहीत नाही?" मी म्हणाले. असं म्हणाले की ज्याला माहीत नाही त्याला गावात राहायची लाज वाटावी. दोनतीन जणांनी लगेच मान हलवली, माहीत आहे, माहीत आहे.

मग मी पदर खोचला.

"जुना महापूर आला ते साल. पाणी इतकं की वडाच्या शेंड्याला मासे लटकत होते, आणि कावळे सूर मारायला शिकले होते. पैलाडची माणसं कौलांवर चढून बसलेली. गावातले पट्टीचे पोहणारे काठावर उभे राहून एकमेकांना म्हणतायत, तू हो पुढं. तेवढ्यात चंद्राबाई कुणाला न विचारता पाण्यात शिरली. पैलाडला गेली. पोरं पाठीवर घेतली, अलीकडं आणून सोडली. परत गेली. परत आणली. कुणी म्हणालं पुरे, तर थांबली नाही. मध्येच एक मगर आडवी आली."

"आपल्या ओढ्यात मगर?" कुलथे साहेबांनी डोळे उघडले.

"होती तेव्हा. चंद्राबाईनं तिला अशी दणकावली की तेव्हापासून आजपर्यंत आपल्या ओढ्यात एक मगर कुणाला दिसली असेल तर सांगा."

कुणालाच दिसली नव्हती. लोकांनी एकमेकांकडं बघून माना हलवल्या. खरं आहे, मगर नाही.

"त्या दिवशी जी पोरं वाचली," मी सावकाश म्हणाले, "त्यांचीच लेकरं अन् नातवंडं आज ह्या सभागृहात बसलीत."

ह्याच्यावर कोण उठून म्हणणार, माझा आजा वाचला नसता तरी चाललं असतं?

पण ढमढेरे बेरकी. पुढं वाकून म्हणाले, "ते सगळं ठीक आहे हौसाबाई. ही बाई कुणाच्या घरची?"

झालं. एकाचं नाव घ्यावं तर दुसरा उठणार. कुणाचंच घेऊ नये तर बेवारशी बाईच्या नावाला हात कोण वर करणार? मी खाली बघितलं, वर बघितलं. पंख्यातल्या कोळ्याकडं बघितलं.

"माहेर ढमढेऱ्यांचं," मी म्हणाले.

प्रतापराव खुर्चीत मागं टेकले. नगराध्यक्षांची बशी हवेत राहिली.

"अन् सासर खिलाऱ्यांचं."

पुरुषाचं नाव घेतलं की ते एका घराचं होतं. बाईला दोन घरं असतात, आणि एरवी दोन्ही घरं म्हणतात, तू तिकडची. त्या दुपारी पहिल्यांदा दोन्ही घरं म्हणाली, ती आमची.

"आमच्या एक आत्याआजी होत्या खऱ्या," ढमढेरे आठवत आठवत म्हणाले. "पोहायच्या म्हणे माशासारख्या."

"आमच्या आईच्या तोंडात कायम असायचं ते नाव," खिलारी म्हणाले. "चंद्राकाकू. पण पोहायला त्या सासरी आल्यावर शिकल्या."

"सासरी? सासरी पाणी शेंदून शेंदून कंबर मोडली आमच्या लेकीची. पोहणं माहेरचं."

"एवढा उमाळा होता तर दिवाळीला कधी न्यायला आलात का तिला?"

"तुम्ही पाठवली असती तर आलो असतो ना. आमचे आजोबा गाडी जुंपून तुमच्या दारात उभे राहायचे. तुमची म्हातारी म्हणायची, भात कापणी व्हायचीय."

"आमच्यात कुणी सुनेला कधी अडवलं नाही. लुगडं-चोळी करून पाठवायचो."

बिचारी चंद्राबाई. पाच मिनिटांपूर्वी तिला जन्माला घातली आणि आता तिचा सासुरवास ऐकून माझेच डोळे भरून यायला लागले.

तेवढ्यात काठी आपटली.

"पुरावा काय?"

मारुतीअण्णा. शिपाई हातात कपांची उतरंड घेऊन जागच्या जागी थिजला.

"अण्णा, आता एवढ्या जुन्या गोष्टीला पुरावा," नगराध्यक्ष म्हणायला लागले.

"मी हौसाबाईंना विचारतोय." अण्णा खुर्चीवरनं उठले आणि काठीवर दोन्ही हात ठेवून माझ्याकडं बघायला लागले. "ही चंद्राबाई दिसायला कशी होती?"

"थोराड होती," मी म्हणाले. "अंगानं भरलेली. रंगानं काळी."

"आणि कपाळावर?"

आयुष्यात पहिल्यांदा जीभ टाळूला चिकटली. अण्णा डोळ्याची पापणी हलवत नव्हते. आता हे म्हणणार, ही बाई थापा मारतीय. मग दोन्ही पार्ट्या पोट धरून हसणार, विषय तहकूब, निधी परत, आणि संध्याकाळी दारात कुसुम.

"कपाळावर काय, अण्णा?"

"पांढरा ठिपका होता की नव्हता?"

तेव्हा मला कळलं की अण्णांना सगळं माहीत आहे. ज्याला माहीत आहे त्याच्यासमोर आणखी रंगवून काय करणार?

"होता," मी हळूच म्हणाले. "चांद होता. म्हणून तर चंद्रा."

"भस्म लावत असतील," ढमढेरे म्हणाले. "माहेरी सगळे शंकराचे भक्त."

अण्णांनी त्यांच्याकडं लक्षच दिलं नाही. ते सभागृहाकडं वळले.

"मी लहान असताना आम्ही पैलाडला राहत होतो. त्या पुरात मी कौलावर होतो. मला हिनंच अलीकडं आणलं. मगरीचं मला सांगता येणार नाही, मी डोळे मिटले होते. बाकी सगळं खरं आहे." मग नगराध्यक्षांकडं वळून ते म्हणाले, "पुराव्याला मी उभा आहे. ठराव मांडा."

ज्या माणसानं जन्मभर दुसऱ्यांना पुरावा मागितला तोच पुरावा झाला म्हटल्यावर बोलायला कोण उरतं? सगळे हात वर गेले. खिलारींनी एक हात वर केला, ते बघून ढमढेऱ्यांनी दोन केले, मग खिलारींनीही दुसरा केला. शिपायालाही राहवलं नाही. त्याचा हात वर गेला आणि तीन कप फुटले. कुलथे साहेब इतक्या भरभर लिहीत होते की पेनातून धूर येतोय का बघायला मी वाकले.

खाली पायऱ्यांवर अण्णा पायताण घालत होते. मी पाया पडायला वाकले तर त्यांनी पाय मागं घेतला.

"ते राहू द्या. आधी मला सांगा, तुम्हाला चंद्री कुठं भेटली? ती मेली तेव्हा तुमचा जन्मसुद्धा झाला नव्हता."

"सासूबाई सांगायच्या," मी म्हणाले. "त्यांच्या सासऱ्यांची म्हैस होती म्हणे. पुरात दावं तोडून पाण्यात शिरली, आणि पैलाडची पोरं तिच्या शेपटीला धरून अलीकडं आली. मला वाटायचं, थाप आहे. सासूबाई थापा मारण्यात माझ्या गुरू. आमच्या लग्नात त्यांनी माझ्या आईला सांगितलं होतं की आमच्याकडं हत्ती होता, पण ओलाव्यानं आटला."

अण्णा हसले नाहीत. ओढ्याच्या दिशेनं बघत राहिले.

"शेपटीला मोठी पोरं धरायची. मी सगळ्यांत लहान, म्हणून मला पाठीवर बसवलं होतं. शिंगं धरून." त्यांनी काठी काखेत घेतली आणि दोन्ही हात पुढं केले, मुठी वळून, जणू आत्ताही धरलीत. "मध्ये एकदा पाणी तिच्या नाकावरनं गेलं. मला वाटलं संपलं. तिनं नुसतं फुसकारलं आणि मान वर काढली."

थापच नाही असं माझ्या कानांना फार क्वचित ऐकायला मिळतं.

"आजवर कुणाला सांगितलं नाही," अण्णा म्हणाले. "गावात चार माणसं मान देतात. म्हशीनं वाचवला म्हणून कसं सांगायचं? आणि हा पुरावा मागायचा नाद. मला मागितला असता तर मी काय दाखवलं असतं?"

"मग आता?"

"आता ती म्हैस कुठं राहिली? ढमढेऱ्यांची लेक आहे." आणि मग मात्र ते हसले, असे हसले की पायताण पायातून सुटून दोन पायऱ्या खाली गेलं. "मगरीचं तेवढं तुमचं तुम्ही निस्तरा हौसाबाई. त्यात मी नाही."

घरी आले तर कुसुम दारात. मी नुसती मान हलवली. ती आत पळाली आणि भिंतीकडं तोंड करून उभी राहिली, मला वाटतं रडत असावी. मालक जेवायला बसले तेव्हा म्हणाले, "सही बरोबर जागी केलीस ना?"

"केली."

"नाव कुणाचं ठरलं?"

"चंद्राबाईचं."

त्यांचा घास हातात राहिला. "आपल्या चंद्रीचं?"

"आपली नाही राहिली ती. माहेर ढमढेऱ्यांचं, सासर खिलाऱ्यांचं. अण्णा गवारे साक्षीला आहेत."

त्यांना असा ठसका लागला की शेजारचे लोक तांब्या घेऊन धावत आले. पाणी पिऊन झाल्यावर त्यांनी हातातला घास तोंडात घातला. मग म्हणाले, "बोलत जा तू मीटिंगमध्ये."

पूल असा भराभर उभा राहिला की काय सांगू. कंत्राटदार वैतागून गेला. सकाळी खिलारींची माणसं येऊन उभी, दुपारी ढमढेऱ्यांची. वाळू जरा जास्त पडली की ढमढेरे ओरडायचे, "आमच्या लेकीचा पूल आहे, रेवडी उडवायची नाही." गज बारीक दिसला की खिलारी म्हणायचे, "आमच्या घरच्या सुनेचं नाव लागणार आहे त्याला, हे परत न्या." त्या पुलावरून आज उसाचे ट्रक जातात. एक टवका उडालेला नाही.

उद्घाटनाला तसबीर हवी म्हणून पेंटर बोलावला. त्यानं मला विचारून विचारून चित्र काढलं. थोराड बाई, काळी, नऊवारी, कपाळावर पांढरा चांद. खिलारी म्हणाले, "हुबेहूब आमची थोरली काकू." ढमढेरे म्हणाले, "डोळे मात्र आमचे." अण्णा आणि मी शेजारी शेजारी बसलो होतो, आणि भाषणं संपेपर्यंत एकमेकांकडं बघायचं नाही असं आम्ही आधीच ठरवलं होतं. आता दर वर्षी दोन्ही पार्ट्या चंद्राबाईची पुण्यतिथी करतात. वेगवेगळ्या दिवशी, ते जाऊ द्या.

पण मला आठवते ती आषाढातली सकाळ. आदल्या दिवसभर पाऊस कोसळला होता. ओढा दोन्ही काठ खात, लाकडं वाहत, चहाच्या रंगाचा होऊन चालला होता. पूल त्याच्यावर उभा. पैलाडची सगळी माणसं पुलाच्या तोंडाशी जमली होती. कुणी पाऊल टाकत नव्हतं. जन्मभर त्या पाण्याला भ्यायलेली माणसं ती.

कुसुम दप्तर पाठीला लावून उभी होती. ती वडलांकडं बघत होती, मी पण त्यांच्याकडंच बघत होते. ते पुलापाशी गेले. पायानं दोनदा ठोकून बघितलं. कठड्यावरून वाकून पाणी बघितलं, बराच वेळ. मग पाटीसमोर आले, चपला काढल्या आणि सगळ्या गावासमोर हात जोडून उभे राहिले.

"बाबा," कुसुम जवळ जाऊन म्हणाली, "ही चंद्राबाई आपली कोण लागते?"

"ही?" ते म्हणाले. "ही तुझी पणजी. पाया पड अन् पळ, घंटा होईल."